दारू सुटली, आता राहायचे कुठे?

दिवाळीच्या तोंडावर एक गवंडी आमच्या वॉर्डात तिसऱ्यांदा भरती झाला. वय अडतीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पहिल्या वेळी त्याचे हात थरथरत होते. दुसऱ्या वेळी झटके आले होते. तिसऱ्या वेळी त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या आणि तो पलंगावरून त्या झटकत होता. तिन्ही वेळा सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि झोपेची औषधे देऊन आठ-दहा दिवसांत तो शुद्धीवर आला, जेवू लागला, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला पाणी देऊ लागला. मधल्या काळात घरच्यांनी दोन शेळ्या विकून त्याला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रातही ठेवले होते. तिथूनही तो चांगला होऊन आला. पण एसटी ज्या फाट्यावर थांबते, त्याच फाट्यावर देशीचे दुकान. बाराव्या दिवशी तो तिथे बसलेला सापडला.

सुट्टीचा कागद हातात घेताना त्याची बायको म्हणाली, "साहेब, तुम्ही दर वेळी नीट करून देता. पण नेऊन ठेवू कुठं? एका अंगाला हातभट्टी, दुसऱ्या अंगाला त्याचे सोबती. घर तेच, फाटा तोच."

सत्तावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत या प्रश्नाला मी वेगवेगळी उत्तरे दिली. मन घट्ट करा, गोळ्या चुकवू नका, दर मंगळवारी दाखवायला या. ती सगळी खरी आहेत. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकही नाही. दारू सोडवण्याची सोय आपल्याकडे तोकडी का होईना, आहे. दारू सोडलेल्या माणसाने पुढचे सहा महिने, वर्षभर कुठे आणि कोणासोबत राहायचे, याची सोय नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे.

चर्चा महसुलाची, माणसाची नाही

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा दर निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाला. देशीवरचे शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले. धान्यापासून बनवलेल्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा एक नवा प्रकारही आला. या सगळ्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल मिळेल, असे सरकारने सांगितले. त्यानंतर बातम्या आल्या त्या बाटली किती रुपयांनी महागली, बारमालकांचे म्हणणे काय आणि शेजारच्या राज्यातून चोरटी दारू येईल का, याबद्दल.

दारू महागली की एकूण पिणे काहीसे कमी होते, हे जगभर दिसून आलेले आहे आणि डॉक्टर म्हणून मला ते पटते. पण ज्याला दारूचे अवलंबित्व जडले आहे, तो किंमत वाढली म्हणून थांबत नाही. तो आधी घरातले धान्य विकतो, मग बायकोचे जोडवे, आणि शेवटी हातभट्टीवर येतो. त्याला कर नव्हे, उपचार लागतात. आणि उपचारानंतर आधार लागतो.

गरज किती मोठी आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय, मद्यपान करतात. त्यांपैकी पाच कोटी सत्तर लाखांहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कधी काही उपचार मिळाला. भरती होऊन उपचार मिळाले ते १८० मधल्या एकाला. म्हणजे आमचा गवंडी तसा नशीबवानच म्हणायचा. एकदा नव्हे, चार वेळा तो या दाराच्या आत आला. तरी तो घसरला.

शरीरातून दारू जाते, मेंदूतून नाही

"एवढे करूनही पुन्हा पितो म्हणजे त्याचीच नियत नाही," हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकतो आणि कधी कधी सहकाऱ्यांकडूनही. म्हणून शरीरात काय होते ते थोडक्यात सांगतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की पहिल्या दिवसात थरथर, घाम, उलटी, बेचैनी सुरू होते. साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. हे दिवस रुग्णालयाचे. आठवड्याभरात रुग्ण सावरतो आणि घरच्यांना वाटते, झाले, सुटली.

खरे तर इथून लांबचा पल्ला सुरू होतो. वर्षानुवर्षे दारूच्या सोबतीने चालणाऱ्या मेंदूला तिच्याशिवाय चालायला शिकायला महिने लागतात. या काळात झोप तुटक लागते, चिडचिड होते, कशातच गोडी वाटत नाही, लक्ष लागत नाही. त्यात जुन्या खुणा मेंदू विसरलेला नसतो. संध्याकाळी सहाची वेळ, मजुरीचा हातात पडलेला पैसा, फाट्यावरचा भज्यांचा वास, एखाद्या सोबत्याची हाक. एवढ्याने ओढ जागी होते. ओढ काही वेळाने ओसरते. पण तेवढा वेळ निघून जाईपर्यंत शेजारी कोणी असले, तर माणूस वाचतो. एकटा असला आणि दुकान समोर असले, तर बहुधा घसरतो.

ही घसरण फक्त व्यसनाच्या आजारात होते असेही नाही. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या एका गाजलेल्या लेखात अशी तुलना आहे. व्यसनाच्या उपचारानंतर साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांची घसरण होते. रक्तदाब आणि दमा यांच्या रुग्णांत त्रास उलटण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ वाढवले, गोळी सोडली आणि रक्तदाब चढला, तर आपण त्याला "तुझी नियत नाही" म्हणत नाही. गोळी पुन्हा चालू करतो आणि महिन्याने बोलावतो. रक्तदाबाला आयुष्यभराचा आजार मानायचे आणि दारूला दहा दिवसांचा ताप मानायचा, ही आपल्या व्यवस्थेची चूक आहे.

महाराष्ट्राने आधी काय केले

नंतरचा आधार महत्त्वाचा आहे, हे महाराष्ट्राला नवीन नाही. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगरची साथ आली. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट तिथल्या मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी ते उभे केले आणि पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी चालवले.

मुक्तांगणच्या निवासी उपचारांची मुदत ३५ दिवसांची. पण माझ्या मते त्या संस्थेचे खरे शहाणपण त्या ३५ दिवसांच्या बाहेर आहे. तिथून बाहेर पडलेल्यांना वेगवेगळ्या गावांतल्या पाठपुरावा बैठकींना बोलावले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. आणि व्यसनातून बाहेर आलेले अनेक जण तिथेच कार्यकर्ते म्हणून काम करतात. कालचा रुग्ण आजच्या रुग्णाशी जे बोलू शकतो, ते मी एमडीची पदवी लावून बोलू शकत नाही.

दुसरा मोठा आधार अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे 'एए'चा. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांशी बोलून कोरडे राहिले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. फी नाही, नाव सांगायचे बंधन नाही. आठवड्यातून काही वेळा एकत्र बसायचे आणि आजचा दिवस कसा काढला ते सांगायचे. 'यात शास्त्र काय?' असे मी तरुणपणी विचारत असे. २०२० मध्ये कॉक्रेन या नामवंत संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एए आणि त्याला जोडणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले ४२ टक्के, तर इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण बिनपैशाच्या बैठकीसाठी फार मोठा आहे.

तिसरे उदाहरण गडचिरोलीचे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यासोबत 'मुक्तिपथ' सुरू केला. गावांची संघटना, तालुक्यात उपचारांचे क्लिनिक आणि गावातच शिबिर, अशी त्याची रचना. रुग्णाला शंभर-दोनशे किलोमीटर लांब नेण्याऐवजी उपचार त्याच्या तालुक्यात आणणे, हा त्यातला आपल्या कामाचा धडा.

आपल्या परभणीत एक चौथी गोष्टही मी पाहतो, जिची नोंद कुठल्याही सरकारी तक्त्यात होत नाही. ती म्हणजे तुळशीची माळ. माळ घातली की गाव त्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहते. संध्याकाळी तो भजनाला बसतो, आषाढात दिंडीत चालतो, जुने सोबती त्याला ग्लास पुढे करायला कचरतात. ज्यांच्या मनाला ते पटते, त्यांना याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. प्रत्येकाची श्रद्धा सारखी नसते आणि माळ हा औषधाला पर्यायही नाही. पण तिच्यामागचे गणित तेच आहे. रिकामी संध्याकाळ भरली जाते, सोबत बदलते आणि कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे, ही जाणीव राहते.

व्यसनमुक्त घर म्हणजे काय

अमेरिकेत या गरजेतून 'सोबर लिव्हिंग होम' उभी राहिली. त्यांतले सर्वांत अभ्यासलेले रूप म्हणजे ऑक्सफर्ड हाउस. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे निधीअभावी बंद पडणारे एक निवास तिथल्याच रहिवाशांनी भाड्याने घेऊन चालवायचे ठरवले. आज अशी हजारो घरे आहेत. नियम मोजकेच. घराचा कारभार रहिवासी मतदानाने चालवतात. भाडे आणि खर्च सगळे मिळून भरतात. जो पुन्हा व्यसन करेल त्याला घर सोडावे लागते. नियम पाळणाऱ्याला किती दिवस राहायचे याची मुदत नाही. तिथे ना डॉक्टर असतो ना नर्स. ते रुग्णालय नाही, वसतिगृह नाही आणि आश्रमही नाही. साधे भाड्याचे घर, ज्यात राहणाऱ्या प्रत्येकाला दारू नको आहे.

याचा परिणाम मोजला गेला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. अर्ध्यांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये पाठवले, अर्ध्यांना नेहमीसारखे घरी. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा घरी गेलेल्यांपैकी ६४.८ टक्के पुन्हा व्यसनाकडे वळलेले होते. व्यसनमुक्त घरात राहिलेल्यांत हे प्रमाण ३१.३ टक्के होते. त्यांची महिन्याची कमाईही दुपटीहून अधिक होती. औषध तेच, उपचार तेच. बदलला होता तो पत्ता आणि शेजार.

मात्र याची दुसरी बाजूही वाचकांसमोर ठेवली पाहिजे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात अशा घरांच्या नावाखाली चाललेला मोठा घोटाळा उघड झाला. तिथल्या आदिवासी समाजातल्या व्यसनी माणसांना गाडीत घालून आणायचे, घरात ठेवायचे आणि न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी योजनेला लावायची, असा तो धंदा होता. नोंदणी आणि तपासणी नसली की दुबळ्या माणसाचे काय होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. व्यसनमुक्तीच्या नावाने खोल्या काढून रुग्णांना कोंडल्याच्या, मारहाण केल्याच्या बातम्या आपल्याकडेही अधूनमधून येतात. अंगावर वळ घेऊन आलेले रुग्ण मी तपासले आहेत. म्हणून घर हवे, पण कुलूप नसलेले. रुग्ण स्वतःच्या मर्जीने आत येईल आणि मर्जीने जाऊ शकेल असे.

कायदा आहे, घर नाही

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणाऱ्या अवस्थांचा मानसिक आजारात समावेश आहे. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये सरकारने पुरवायच्या सेवांच्या यादीत हाफवे होम, आश्रित निवास आणि साहाय्यित निवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. केंद्राच्या कृती आराखड्यातून स्वयंसेवी संस्थांना एकात्मिक पुनर्वसन केंद्रांसाठी अनुदान मिळते. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. पण अभियानात प्रभातफेरी, शपथ आणि पोस्टर यांचा भरणा अधिक. शपथ घेणाऱ्या शाळकरी मुलाची काळजी योग्यच आहे. दारू सोडून घरी निघालेल्या बापासाठी मात्र माझ्या टेबलाच्या खणात द्यायला पत्ता नाही.

परभणीसाठी असे घर कसे असावे? आपल्या जिल्ह्याची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी या भागातून दरवर्षी दिवाळीनंतर मजूर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पहाटे तीनला फडात उतरायचे, अंगदुखीवर दारू, थंडीवर दारू. मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर हाताला काम नसते. सोयाबीन आणि कापसाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. तो ज्या आठवड्यात येतो, त्यानंतरच्या दिवसांत वॉर्डातल्या खाटा भरतात. म्हणून शिमग्यापासून पेरणीपर्यंतचा काळ आणि दिवाळीच्या पुढेमागेचा काळ हे आपल्याकडे धोक्याचे.

घर फार मोठे नको. आठ-दहा जणांचे, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकापासून चालत जाता येईल असे. पण देशीच्या दुकानापासून लांब. दिवसा सगळ्यांनी कामावर जायचे. गवंड्याने गवंडीकाम करायचे, कोणी मोंढ्यात हमाली करायची, कोणी हॉटेलात. संध्याकाळी सहाला सगळे घरात. आठवड्यातून दोनदा बैठक, एकदा दवाखान्याची भेट. स्वयंपाक पाळीपाळीने. सोबतीला दोन-तीन वर्षे कोरडा राहिलेला एक समन्वयक. मुक्काम तीन महिने ते वर्षभर.

खर्चाचा माझा ढोबळ हिशेब असा. घरभाडे १४ हजार, दहा जणांचा किराणा २५ हजार, वीज-पाणी-गॅस ६ हजार, समन्वयकाचे मानधन १५ हजार. महिन्याला ६० हजार, म्हणजे माणशी सहा हजार. कामाला लागलेला माणूस त्यातले निम्मे स्वतः देऊ शकतो आणि त्याने द्यावेतही. स्वतःच्या पैशाच्या घरात माणूस वेगळ्या मानाने राहतो. सगळा भार सरकारने उचलला असे धरले, तरी एका घराला वर्षाला सात लाख वीस हजार रुपये लागतील. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत एकेक घर काढले तर सुमारे ६५ लाख. आता वर सांगितलेला १४ हजार कोटींचा वाढीव महसूल आठवा. त्याचा एक टक्का म्हणजे १४० कोटी. ३६ जिल्ह्यांत वाटला तर प्रत्येकी पावणेचार कोटींहून अधिक. जो पैसा बाटलीतून आला, त्यातला रुपयातला एक पैसा बाटली सोडणाऱ्यासाठी ठेवावा, ही मागणी जास्त आहे असे मला वाटत नाही.

महिलांचा विचार वेगळा करावा लागेल. दारू पिणाऱ्या महिला एम्सच्या सर्वेक्षणात दीड टक्क्याच्या आसपास आहेत, पण त्या आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पुरुषाला निदान बायको दवाखान्यात आणते; बाईला कोण आणणार? तिच्यासाठी लेकरांसह राहता येईल अशी स्वतंत्र जागा लागेल.

काही आक्षेप

"दारुड्यांना सरकारने पोसायचे का?" हा पहिला प्रश्न असतो. आमच्या गवंड्यावर तीन भरतींमध्ये झालेला खर्च, त्याची बुडालेली मजुरी, मुलीची सुटलेली शाळा यांची बेरीज करा. आपण त्याला आत्ताही पोसतोच आहोत. फक्त चुकीच्या टोकाला.

"गावात दारूबंदी करा, म्हणजे प्रश्न मिटेल," असे दुसरे म्हणतात. महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे आणि ज्या गावांनी ती केली, त्यांना माझा नमस्कार. पण दुकान उद्या सकाळी बंद झाले, तर परवा आमच्या वॉर्डात झटके आलेले रुग्ण येतील. बंदी आणि उपचार या एका गाडीच्या दोन बैलजोड्या आहेत. एकच जुंपली तर गाडी चढावर अडते.

"आपल्याकडे कुटुंब आहे की! वेगळे घर कशाला?" हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. खरेच, बहुतेकांसाठी स्वतःचे घर हेच उत्तम ठिकाण आहे. व्यसनमुक्त घर सर्वांना लागत नाही. ते लागते ज्याला घरच उरलेले नाही त्याला. ज्याच्या घरात भाऊ किंवा बाप रोज पितो त्याला. ज्याची दोन-तीनदा घसरण झाली आहे त्याला. आणि ज्याच्या घरच्यांनी मार, भांडणे, कर्ज यांतून इतके सोसले आहे की त्यांनाही काही महिने श्वास घ्यायला हवा, त्यालाही. शेवटचा मुद्दा आपण विसरतो. आजारी एक असतो आणि थकलेले पाच.

घर उभे राहीपर्यंत

तोवर घरच्यांनी काय करावे? माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगतो.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. पूर्वी झटके आले असतील तर भरतीच करा.

जेवणात, चहात गुपचूप पावडर मिसळू नका. बाजारात मिळणाऱ्या अशा पुड्यांमध्ये काय असते ते कळत नाही. दारूशी उलटी प्रतिक्रिया देणारे डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या नकळत दिले आणि तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने, रक्ततपासण्या करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. ओढ कमी करणारी दुसरीही औषधे आहेत, त्यांबद्दल विचारा.

पहिले नव्वद दिवस सर्वांत जपायचे. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत त्याला एकटे ठेवू नका. मजुरीचे पैसे काही महिने बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जाऊ द्या, पण हे त्याच्याशी बोलून ठरवा. शिक्षा म्हणून नको.

रोज तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, मागचे उगाळणे थांबवा. त्याने माणूस कोरडा राहत नाही, खोटे बोलायला शिकतो.

घसरला, तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आणा. "आता काय उपयोग" म्हणून महिनाभर थांबू नका. एक दिवसाची घसरण आणि महिन्याची घसरण यांत फार फरक असतो.

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी सरकारी रुग्णालयात करता येते. आपल्या भागात एएची बैठक नसेल, तर दोन-तीन जणही ती सुरू करू शकतात. ॲक्रनमध्येही सुरुवातीला दोघेच होते.

आमच्या गवंड्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्याच्या बायकोच्या प्रश्नावर मी गप्प होतो, तेव्हा सोबत आलेला तिचा भाऊ म्हणाला, "माझ्या आखाड्यावर ठेवतो दाजीला. तिथं मी हाय, बैलं हायती, आन् दुकान लय लांब." गेले चार महिने तो मेव्हण्याच्या शेतात राहतो आहे. हरभऱ्याला पाणी दिले, आखाड्यावरची पडकी खोली स्वतः बांधून काढली. दर मंगळवारी तो ओपीडीत येतो. मध्ये एकदा घसरला. मेव्हण्याने दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आणले आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली.

वर्षभराने काय होईल, याची हमी मी देत नाही. पण चौथ्या वेळी त्याला भरती करावे लागलेले नाही. मेव्हण्याने ऑक्सफर्ड हाउसचे नावही ऐकलेले नाही. तरी त्याने जे दिले ते तेच आहे: दुकानापासून लांब एक छप्पर, हाताला काम आणि संध्याकाळी सोबत. ज्यांना असा मेव्हणा नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्यात एखादे तरी दार असावे. जिल्हा नियोजन समितीत बसणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर हिशेब वर दिला आहे.